उलगडलेलं घोंगडं

फाल्गुन अर्ध्यावर आला की आमच्या वसतिगृहापर्यंत हळदीचा वास येतो. कॉलेज गावापासून लांब आहे, मधे शेतं आहेत, रेल्वेचा रूळ आहे. तरी दुपारचं वारं पेठेवरून सुटलं की वाचता वाचता नाकात काहीतरी हुळहुळतं आणि ध्यानात येतं, हंगाम सुरू झाला. परीक्षा आणि हळद सांगलीत एकाच वेळी येतात. गावातून येणाऱ्या मुलांच्या सदऱ्यांच्या कडा पिवळ्या दिसतात. दौतीचं टोपण उघडं राहिलं तर शाईवर बारीक साय धरते. माझा खोलीतला सोबती कोकणातला आहे. तो या दिवसांत सारखा शिंकतो आणि म्हणतो, "तुमचं गाव म्हणजे सदा लग्नघर!"

मला मात्र हा वास आला की लग्न आठवत नाही. पेढीच्या अंगणात अर्ध्या घोंगड्यावर बसलेला एक माणूस आठवतो, आणि त्याच्याशेजारचं अर्धं रिकामं घोंगडं.

लढाई संपली आणि माझा थोरला भाऊ पलटणीतून सुटून घरी आला. सगळ्या गावाला आनंद झाला, आम्हालाही झाला. पण त्याची दरमहा येणारी मनिऑर्डर थांबली, तसं माझं कॉलेजही थांबलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे ती उतरताना काय करायचं असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आय म्हणाली, "येक वरीस दम धर. ऊस हाय, निघंल कायतरी." ते एक वर्ष मी सांगलीच्या एका पेढीत काढलं.

सांगलीत मोठ्या पेढ्या होत्या, त्यांचा व्यवहार थेट मुंबईशी चाले. लहान दुकानं होती, ती दागिन्यांवर उसने पैसे देत. आमची पेढी या दोहोंच्या मधली. हळद आणि गूळ हा तिचा दिसणारा धंदा. खरं काम निराळं होतं. दुसऱ्याच्या धंद्यात भांडवल घालायचं, बदल्यात हिस्सा घ्यायचा, काही वर्षं तो धंदा सुधारायचा, वाढवायचा, आणि मग आपला हिस्सा विकून किंवा मोडून बाहेर पडायचं. असे तेलाचे घाणे होते, सोडावॉटरचा एक कारखाना होता, शिरवळला पुणे रस्त्यावर मोटारींच्या टायरांना नवं रबर चढवणारं एक दुकान होतं. पेढीच्या भाषेत या सगळ्यासाठी दोनच शब्द होते, आत आणि बाहेर. "शिरवळच्या टायरवाल्यात आपण आत आहोत." "साताऱ्याच्या छापखान्यातनं बाहेर." माणूस पाण्यात उतरतो आणि निघतो तसं. पेढीचे मालक तात्याशेट म्हणायचे, "पाय भिजले तर भिजू देत. डोकं कोरडं पाहिजे."

तात्याशेट दिसायला किरकोळ होते. डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि हंगामात दोन्ही हातांची बोटं पेरापर्यंत पिवळी. धंदा बघायला गेले की ते मालकाशी बोलायच्या आधी समोरच्या हॉटेलात जाऊन बसत. चहा घेत आणि बघत. मालक आतल्या माणसांना कशी हाक मारतो, गिऱ्हाईक पाठमोरं झालं की त्याचा चेहरा कसा होतो, पाण्याचा माठ कोण भरतं. मग म्हणत, "चल. बघून झालं." आणि काही वेळा मालकाला न भेटताच आम्ही सांगलीला परतत असू. मला ते तेव्हा फार मोठं शहाणपण वाटे. आजही वाटतं, पण थोडं कमी.

जिथे पेढी आत जाई तिथे तिचा एक माणूस जाऊन बसे. त्याला 'बसता माणूस' म्हणत. त्यानं मालकाच्या डाव्या हाताला बसायचं, गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, मालकाला हुकूम सोडायचा नाही, फक्त बघायचं आणि शनिवारी पेढीला कळवायचं. मालकाच्या घरी त्याला जेवायला गोड मिळे आणि त्याच्या पाठीमागे लोक त्याला 'जावई' म्हणत. "जावई आलेत, दार नीट लावा." "जावयाला विचारा, मीठ बरोबर आहे का." हा विनोद पेढीच्या प्रत्येक ठिकाणी होता आणि प्रत्येक ठिकाणच्या लोकांना तो आपणच काढला असं वाटे.

साताऱ्याच्या छापखान्यात मी एकदा कागद पोचवायला गेलो होतो. पेढी तिथून बाहेर पडल्याला काही वर्षं झाली होती. मालकाच्या टेबलाशी डाव्या बाजूला एक खुर्ची होती. मी बसायला गेलो तर ते घाईनं म्हणाले, "अहो, तिथं नको, ती पेढीची आहे." मग त्यांच्याच लक्षात आलं की मीही पेढीचाच. ते ओशाळून हसले. "बसा, बसा," म्हणाले. मी उभाच राहिलो. खुर्चीवर धूळ नव्हती. कुणीतरी ती रोज पुसत असलं पाहिजे.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मला जतला बसता माणूस म्हणून पाठवलं. मला इंग्रजी वाचता येई आणि लष्कराच्या मक्त्याचे कागद इंग्रजीत असत, एवढीच माझी लायकी.

जत म्हणजे उघडा माळ. सकाळी थंडी हाडात शिरे आणि दुपारी डोळे उघडवत नसत. ज्वारी उभी असे ती गुडघ्याएवढीच. माणसं निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलत आणि मेंढरांशी फक्त कानडी. सिद्धाप्पा धनगर गावाबाहेर पत्र्याच्या लांबट छपराखाली घोंगड्यांचे माग चालवत होता. लढाईच्या दिवसांत पलटणींना घोंगडी लागत. तेव्हा तात्याशेटनी जतच्या घराघरातले माग एका छपराखाली आणले, सगळ्या घोंगड्यांची लांबी-रुंदी सारखी करून घेतली, आणि सिद्धाप्पाबरोबर निम्मी भागीदारी केली. सिद्धाप्पानं त्यासाठी आपली मेंढरं भावाच्या हवाली केली. धनगरानं मेंढरांपासून लांब राहायचं म्हणजे काय, ते मला तिथे राहिल्यावर थोडं कळलं. संध्याकाळी माळावर घुंगरं वाजली की तो हातातलं काम ठेवून उभा राही, कळप दिसेनासा होईपर्यंत.

छपराखाली चिंचोक्यांच्या खळीचा वास भरलेला असे. आंबट, भाजका, थोडा ओल्या मातीसारखा. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, त्यामुळे उभ्या माणसाला त्यांची फक्त डोकी आणि हात दिसत. बायका भिंतीशी टकळीवर सूत काढत. मला सिद्धाप्पाच्या डाव्या हाताला एका पोत्यावर बसवलं होतं. सिद्धाप्पाची बायको गौरव्वा भाकरी घेऊन आली की मोठ्यानं म्हणे, "जावईबापू, हात धुवा. तुमच्या सांगलीवानी तूप न्हाई, ताक हाय." सगळा माग हसे. मी खाली बघून जेवत असे.

सिद्धाप्पा मला मास्तर म्हणे. उंच, रुंद, बोलायला कमी. एकदा मी त्याला विचारलं, "मामा, लढाई संपली. आता घोंगडी कोण घेणार?"

"थंडी संपली का?" तो म्हणाला.

"नाही."

"मग?"

मी हे शनिवारच्या पत्रात लिहिलं नाही. पेढीला असलं लिहायचं नसे.

मक्ता संपल्याचा कागद आला तो मीच वाचून पाहिला. पाठोपाठ पेढीची नोटीस आली, की ठरल्या मुदतीनं भागीदारी संपेल. तयार माल पेढी उचलेल, माग आणि छपराचे पत्रे सिद्धाप्पाकडे राहतील. सगळं न्यायाचं होतं. पेढी कुणाला बुडवून बाहेर पडत नसे, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. मी ती नोटीस छपराखाली उभा राहून मराठीत समजावून सांगितली. माग थांबले. सिद्धाप्पानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "बरं. मग येतो सांगलीला."

मला वाटलं, तो विनंती करायला येणार. सांगलीला परतल्यावर मी तसं पेढीत सांगितलंही. तिथे सगळ्यांना आधीच तसं वाटत होतं.

ज्या धंद्यातून पेढी बाहेर पडली त्याच्या मालकाला तात्याशेट भेटत नसत. ही पेढीची जुनी रीत. "भेटलं की तो रडतो, मग आपण पाघळतो, मग पुन्हा आत जातो, मग दोघंही बुडतो," असं आमचे दिवाणजी समजावत. दिवाणजी म्हणजे पेढीचे मुख्य कारकून, वयानं तात्यांहून मोठे, नाकावर चष्मा, जिभेवर धार.

सिद्धाप्पा आला तो भर हंगामात. पेठेत हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, हमाल पाठीवर पोती घेऊन पळत होते, अडते आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव बोलत होते, हवेत पिवळा धुरळा. त्या गर्दीतून तो खांद्यावर जुनं काळं घोंगडं टाकून पेढीच्या अंगणात आला.

"तात्या गावाला गेलेत," दिवाणजी मान वर न करता म्हणाले. तात्या माडीवर नमुन्याची हळकुंडं मोडून बघत होते.

"कवा येनार?"

"सांगता येत नाही."

"मग बसतो."

त्यानं अंगणाच्या मधोमध घोंगडं उलगडलं, चारी बाजूंनी हात फिरवून सपाट केलं, आणि एका कडेला बसला. दुसरी बाजू मोकळी ठेवली. दुपारी एक हमाल दमून त्या मोकळ्या बाजूला टेकायला गेला, तर सिद्धाप्पानं नुसता हात आडवा धरला.

"तिकडं न्हाई गड्या. ती जागा शेटची."

"आरं, शेट कशाला बसतोय तुझ्या घोंगड्यावर?"

"बसला हाय की पयला. तू तिकडं भुईवर बसून पानी पी."

संध्याकाळपर्यंत पेठेत बोलवा झाली की तात्याशेटच्या दारात धनगर धरणं धरून बसलाय. धरणं ही सांगलीच्या पेठेत लहान गोष्ट नाही. ज्याचं देणं थकलंय त्याच्या दारात धनको येऊन बसतो, आणि सगळं गाव बघतं. तात्यांवर कुणाचंही देणं नव्हतं. पण पेठेला काय, दारात माणूस दिसला की झालं. शेजारच्या अडत्यानं आमच्या हमालाला विचारलं, "काय रे, तुमच्या शेटनं मेंढरं नेली का काय त्याची?" दिवाणजींच्या कानावर ते आलं आणि ते करवादले, "भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. आणि ते आमच्याच दारात!"

मग तात्यांनी हट्टच धरला. आधी ते रीत म्हणून खाली येत नव्हते, आता लोक बघतात म्हणून येईनात. मागच्या जिन्यानं जात आणि येत. सिद्धाप्पा सकाळी नदीवर अंघोळ करून येई, घोंगडं उलगडून बसे, अंधार पडला की गुंडाळून देवळाच्या ओवरीत निजायला जाई. तो गुंडाळी करी, घडी नाही. हे मी तेव्हा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ असेल असं वाटलं नव्हतं.

पाडवा जवळ आला तसा तो अस्वस्थ दिसू लागला. बसल्या बसल्या रस्त्याकडे बघे. जतकडची मोटार वाजली की उठून उभा राही आणि पुन्हा बसे. एका दुपारी मी त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. अंगणात ऊन रणरणत होतं. हमाल सावलीत लोळत होते.

"मामा, घरी जा," मी म्हणालो. "तात्या ऐकायचे नाहीत. पेढी एकदा बाहेर पडली की पुन्हा आत जात नाही."

त्यानं पाणी पिऊन मिशा पुसल्या. "आत कोन बोलीवलंय?"

"मग कशासाठी बसलात?"

"घडी घालाय."

मला समजलं नाही. लहान मुलाला जेवायचं कसं ते सांगावं, तसं त्यानं सांगितलं.

"भागी ठरली तवा ह्या घोंगड्यावर दोघं बसलो. आमच्यात तसंच आस्तं. हळदीचा भंडारा लावला, बिरोबाचं नाव घेतलं. शेट बसलं हुतं, मांडी घालून. आता भागी सरली, तर दोघांनी मिळून घडी घालायची, वर भंडारा लावायचा. येकट्यानं घालता येत न्हाई. दोन टोकं त्येची, दोन माजी."

"आणि नाही घातली तर?"

"तर भागी चालूच की."

"नोटीस दिली आहे, मामा. कागदानं ती संपली."

"कागदानं तुमची संपली, मास्तर. माजी न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाला, "तिकडं वाड्या-वाड्यांचं धनगर जतला थांबल्यात. मी, आनि ते, असं नवं घोंगडं पसरायचं ठरलंय. त्येंच्याकडं पैका न्हाई. लोकर घालनार हायत. कातरनी झाली की पाडव्याला कळप हालत्यात, मग कोन कुटं जाईल त्येचा पत्त्या न्हाई. आनि माजं जुनं आजून उलगडलेलंच. जुनं पसरलेलं आस्ताना त्येंच्या म्होरं नवं कसं पसरू? कोन बसंल माज्या शेजारी?"

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"कुनाला? तुमी समदी म्हनता, शेट गावाला गेल्यात." त्यानं माडीच्या खिडकीकडे बघितलं. तिथे एक रुमाल वाळत होता. "व्हय, लय लांब गेल्यात."

रिकामा तांब्या घेऊन मी पेढीकडे वळलो. आम्ही सगळे शिकलेले, अनुभवी, माणूस पारखणारे. तात्या तर समोरच्या हॉटेलात बसून माणूस ओळखायचे. आणि स्वतःच्या अंगणातल्या माणसाला आम्ही मागणारा समजलो, तो सुटायला आला होता. आमच्या धंद्यात राहून आम्हाला एकच सवय लागली होती. जो दारात येतो तो भांडवल मागायलाच येतो.

मी आत जाऊन दिवाणजींना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कॉलेजकुमार, हे असलं तुम्हाला कॉलेजात शिकवतात का? घडी म्हणे! उद्या कुणी म्हणेल, चुलीला नमस्कार करून जा. तात्यांना खाली उतरवायची ही युक्ती आहे."

"युक्ती नाही वाटत मला."

"तुम्हाला काय वाटतं त्याचा पगार देत नाही पेढी."

हे खरं होतं. जूनमध्ये कॉलेजची फी भरायला तात्या मदत करतील अशी मला आशा होती, आणि दिवाणजींना ती ठाऊक होती. मी माझ्या जागेवर जाऊन बसलो. समोरच्या कागदावर काय होतं ते आठवत नाही. बाहेर जतच्या मोटारीचा हॉर्न वाजला. उठलो आणि माडीवर गेलो. धीटपणा म्हणून नाही. तो पुन्हा उठून उभा राहिला असेल, ते मला बघायचं नव्हतं.

माडीवर तात्या नमुन्यांच्या मधे बसले होते. एक हळकुंड घ्यायचं, काडकन मोडायचं, आतला रंग उजेडाकडे धरायचा, बाजूला ठेवायचं. मी दाराशी उभा राहिलो.

"काय रे? उठला का तो?"

"नाही."

"मग?"

"तात्या, ते धरणं नाही. ते काही मागायला आले नाहीत." माझी जीभ अडखळली. "ते सोडवून घ्यायला आलेत."

"कशातनं?"

"तुमच्यातनं."

त्यांच्या हातातलं हळकुंड मोडायचं राहिलं. मी जमेल तसं सगळं सांगितलं, घोंगडं, टोकं, वाड्यांवरचे धनगर, पाडवा. शेवटी त्यांनी विचारलं ते अगदी पेढीचंच होतं.

"मक्ता नाही, रोकड नाही, नुसती लोकर. माल विकणार कुठं?"

"जत्रांतून म्हणतात."

"चालायचं नाही," तात्या म्हणाले. हातातलं हळकुंड मोडून, आतला रंग बघत म्हणाले, "चालेलही. लोकर ज्याची त्याचा जीव तिथं राहतो." मग, माझ्याशी नाही, "मी बसलो होतो त्या घोंगड्यावर. टोचत होतं. मला वाटलं, ह्यांची पाहुणचाराची रीत असेल."

आणि ते उठले. हात धुतले नाहीत, कोट घातला नाही, मागच्या जिन्याकडेही वळले नाहीत.

आज आम्हाला भागीदारीचा कायदा शिकवतात. आमचे प्रोफेसर फार चांगले आहेत. भागीदारी किती प्रकारांनी संपते ते त्यांनी फळ्यावर ओळीनं लिहून दिलं आहे: मुदत संपून, नोटीस देऊन, भागीदार मरून, दिवाळं निघून. मी ते पाठ केलं आहे, परीक्षेत लिहीनही. लिहिताना मला दरवेळी फळ्याच्या खाली थोडी जागा मोकळी राहिल्यासारखी वाटते. तिथे काय लिहायचं ते मला सांगता येत नाही. कायद्यात बसेल असं ते नाही, हे मलाही कळतं.

तात्या पुढच्या दारानं अंगणात आले तेव्हा पेठेतला गलबला ओसरत गेला. हमाल उठून बसले. शेजारचा अडता दारात आला. सिद्धाप्पा उठला, त्यानं वाकून रामराम केला आणि आधीच काढून ठेवलेलं पायताण आणखी लांब सरकवलं. तात्यांनीही जोडे काढले.

"काय करायचं?" तात्यांनी विचारलं. भर पेठेत त्यांनी कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"ती दोन टोकं धरा, शेट."

तात्यांनी वाकून टोकं उचलली आणि जोरानं ओढली.

"वडू नका. सैल धरा. ताणलं तर घडी बसत न्हाई."

तात्यांनी हात सैल केले. घोंगडं दोघांच्या मधे झोळीसारखं लोंबलं. सिद्धाप्पानं एक झटका दिला, त्यातून माती, काड्या, इतक्या दिवसांचा पिवळा धुरळा उडाला. कुणीतरी शिंकलं. मग दोघांनी आपापली टोकं एकमेकांवर आणली आणि घोंगडं रुंदीत निम्मं झालं. तात्या तिथेच थांबले.

"आता या," सिद्धाप्पा म्हणाला.

"कुठं?"

"माज्याकडं."

तात्या चालत गेले. अंतर फार नव्हतं, पण ते सावकाश गेले, पायांखाली बघत. समोरासमोर आल्यावर त्यांनी आपली टोकं सिद्धाप्पाच्या हातात दिली. चारी टोकं एका मुठीत आली. सिद्धाप्पानं उरलेल्या घड्या एकट्यानं घातल्या, थापटून बसवल्या. मग कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडायला त्यानं हात घातला आणि थांबला. काळ्या घोंगड्याच्या दोन टोकांवर तात्यांची बोटं उमटली होती, पिवळी, एकेक पेर दिसावं अशी.

त्यानं पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"लागला," तो म्हणाला.

"काय लागलं?"

"भंडारा."

तात्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. सिद्धाप्पानं घडी खांद्यावर टाकली, मला म्हणाला, "येतो मास्तर. जेवाय या कवातरी, जावई म्हनून न्हाई," आणि जतची मोटार गाठायला झपाझप निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाडवा होता.

पुढचं मला फारसं ठाऊक नाही. त्याला मोटार मिळाली, कळप हलायच्या आत तो पोचला, एवढं मोटारवाल्याकडून समजलं. यंदा पौषात वसतिगृहाच्या दारात एक धनगर घोंगडी विकायला आला होता. माझ्या सोबत्यानं एक घेतलं. मी हात लावून पाहिलं, खळीचा तोच आंबट वास. "जतचं का?" मी विचारलं. "व्हय, सिद्धाप्पाच्या छपराचं." आता माप मात्र सारखं नव्हतं, एकेक घोंगडं निराळं. पेढीला ते आवडलं नसतं. माझ्या फीचंही सांगायला हवं. तात्यांनी ती भरली, आणि दिवाणजींनीच ती नेऊन दिली, कुरकुरत. परीक्षा झाल्यावर कायमचा ये असं तात्यांचं बोलावणं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला ते काम आवडतं. लांबून बघायची जी सवय तिथे लागली, तिची भीतीही वाटते. दोन्ही खरं आहे.

त्या दुपारचं एक मात्र सांगायचं राहिलं. सिद्धाप्पा गेल्यावर पेठेतला गलबला पुन्हा सुरू झाला, हमाल पोत्यांकडे वळले. तात्या जिन्यापाशी उभे होते. हात धोतराला लागू नयेत म्हणून लांब धरलेले.

"दिवाणजी," ते म्हणाले, "आपलं आणखी कुठं कुठं असं उलगडलेलं पडलंय?"

दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. मी बोलावं की न बोलावं असं झालं. मग बोललो.

"साताऱ्याला एक खुर्ची आहे, तात्या."

"माहीत आहे मला," तात्याशेट म्हणाले, आणि जिना चढू लागले.